कोरड्या दोराचे निळे स्तंभ

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी वर्तमानपत्रात एखादा आलेख दिसला की माझा चहा गार होतो. मी आधी डावीकडची उभी रेघ बघते. तिच्यावर काय मोजलंय, शून्य कुठं आहे, एक घर म्हणजे किती. मग वरचं शीर्षक वाचते. मग पुन्हा उभी रेघ. शेजारच्या खुर्चीतून आमचे हे विचारतात, "काय म्हणतोय पेपर?" मी म्हणते, "थांबा, अजून कळलं नाही."

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांत मी चौतीस वर्षं शिकवलं, आणि त्यातली बहुतेक वर्षं चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. 'आलेख शिकवावा तर पिंपळीच्या बाईंनी' असं आमच्याकडचे शिक्षक म्हणायचे. पिंपळी हे माझं माहेर. प्रशिक्षणात माझे नमुना पाठ ठेवले जायचे. मी खडू घेऊन उभी राहायचे, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि घरी जाताना एसटीत मला वाटायचं, आपल्याला हे खरंच येतं का?

ज्यांचा या गोष्टीशी संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला, त्यांच्यासाठी थोडं सांगते. लहान मुलांना दोन प्रकारचे आलेख शिकवतात. पहिला चित्रालेख. गावात पन्नास झाडं असली तर पन्नास झाडं काढत बसायची नाहीत. एक चित्र म्हणजे दहा झाडं असं ठरवायचं आणि पाच चित्रं काढायची. हे जे ठरवणं, त्याला प्रमाण म्हणतात. दुसरा स्तंभालेख. त्यात चित्रांच्या जागी उभे खांब, जेवढी संख्या मोठी तेवढा खांब उंच. एवढंच आहे. पण हा धडा गणिताच्या पुस्तकात अगदी शेवटाकडे असतो, तोवर फेब्रुवारी सरत आलेला असतो, स्नेहसंमेलनाची धावपळ असते, आणि बऱ्याच शाळांत दोन तासांत तो उरकतात. मुलांनाही तो आवडतो, कारण रंगवायला मिळतं. स्तंभ रंगवले की झालं, असं त्यांना वाटतं. रंगवलेल्या स्तंभाकडे बघून काहीतरी म्हणायचं असतं, तिथं खरा धडा सुरू होतो. आणि तिथंच मी दर वर्षी गोंधळायचे.

पहिला मोठा गोंधळ इंदापूर तालुक्यात झाला, नरसिंहपूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर. माझी तेव्हा आठ-नऊ वर्षंच नोकरी झाली होती. पुस्तकातली झाडं आणि फुगे सोडून मी मुलांना वस्तीवरची जनावरं मोजून आणायला सांगितली. मुलं हौसेने घरोघर फिरली. शेळ्या भरल्या पंचवीस. प्रमाण ठरलं, एक चित्र म्हणजे दहा शेळ्या. मी फळ्यावर दोन शेळ्या काढल्या आणि म्हणाले, "आता उरल्या पाच. म्हणून अर्धी शेळी."

मग मागून एकाने विचारलं, "बाई, अर्धी कंची? पुढची का मागची?"

"कुठलीही चालेल."

"मागची काढा बाई. दूध तितंच असतंय."

दुसरा म्हणाला, "मटनाचा वाटा घातला व्हय बाई तिचा?" आणि वर्ग जो हसायला लागला तो मधल्या सुट्टीपर्यंत थांबला नाही.

मला वाटलं, चला, मजेत का होईना, लक्षात तर राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना चालू असतानाच रेश्मा नावाच्या मुलीचे आजोबा फाटकात येऊन उभे राहिले. त्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची. काठी टेकत ते वर्गापर्यंत आले आणि फळ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आमच्या सात शेळ्या हायती. पोरगी म्हनती, शाळंच्या हिशेबात आपली एकबी शेळी पुरी भरत न्हाय. ही काय भानगड हाय?"

मी समजावायला लागले. एक चित्र म्हणजे दहा, तुमच्या सात, म्हणजे एका चित्रापेक्षा कमी. जसजशी बोलत गेले तसतसा त्यांचा चेहरा अधिकच काळजीत पडत गेला. त्यांना वाटत होतं, सरकारकडून काहीतरी मोजदाद आली आहे आणि त्यात आपली नोंद राहिली. शेवटी रेश्माच पुढं आली. म्हणाली, "आबा, ही शेळी न्हाय. ह्यो कळप हाय. धा शेळ्या मिळून एक चितर."

"मग आपल्या सात?"

"त्या दुसऱ्याच्या तीनात मिसळल्या."

"मिसळल्या? कुनाच्या तीनात?" आबांनी वर्गाकडे अशा नजरेनं पाहिलं की दोन-तीन मुलांनी मान खाली घातली.

आबा गेले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. पुढं कित्येक वर्षं मी प्रमाण शिकवताना 'चित्र म्हणजे कळप' हे रेश्माचंच वाक्य वापरलं, आणि नमुना पाठात त्यावर टाळ्या मिळवल्या. पण आबांचा प्रश्नही मला कधी चुकीचा वाटला नाही. एकदा बेरीज केली की कुणाची शेळी कुठली, हे आलेखातून जातं. ते कुठं जातं आणि जाऊ द्यावं का, हे मी कुठल्याच प्रशिक्षणात विचारलं नाही. विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईंना सोपं आहे ते अवघड करून सांगायची सवय आहे.

आता दुसरी हकिकत सांगते. ती सांगायची की नाही यावर मी बरेच दिवस घालवले, कारण तिच्यात माझी चूक आहे, आणि ती नेमकी कुठली हे शोधताना मी अजून चाचपडते.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी बारामती तालुक्याच्या जिरायत भागात होते, कऱ्हाटीपासून आत गेलं की लागणाऱ्या एका वस्तीवर. बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला हिरवागार ऊस दिसतो. कालव्याच्या बाजूला तो आहेच. पण आमच्या बाजूला कालवा नाही. दिवाळीनंतर विहिरीकडे बघत दिवस काढायचे. वस्तीची पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, शाळेच्या मागं शंभर पावलांवर.

शाळेत आम्ही दोघंच. मुख्याध्यापक साळवे सर आणि मी. सरांचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेतलेले. 'आमच्या घरात जेवतानासुद्धा पुस्तकाचाच विषय असायचा,' असं सर सांगत. माणूस अतिशय नेटका. खडूचा तुकडा संपला तरी त्याची नोंद ठेवणारा. मी त्यांना म्हणाले, "सर, या वर्षी मुलांना पुस्तकातला आलेख नको. आपली विहीर मोजू." सर लगेच तयार झाले. त्यांनी स्वतः एक सुती दोर आणला, दर मीटरला गाठ मारली, टोकाला दगड बांधला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर कठड्यापाशी उभे राहून दोर सोडायचे, मुलं खडूने आखलेल्या रेषेच्या मागं. दगड पाण्याला लागला की डुबुक आवाज यायचा. कठड्यापाशी दोर बोटानं धरायचा, वर ओढायचा आणि मुलांनी गाठी मोजायच्या. नोव्हेंबरात चार गाठी. डिसेंबरात पाच. मग सात. मग नऊ. मार्चमध्ये अकरा.

म्हणजे आम्ही काय मोजत होतो ते लक्षात घ्या. पाणी नव्हतो मोजत. कठड्यापासून पाणी किती खाली गेलंय ते मोजत होतो.

मी मोठा पुठ्ठा आणला. मुलांनी पट्टी लावून स्तंभ काढले, सारख्या रुंदीचे, मध्ये सारखी जागा सोडून, सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. रंग कुठला द्यायचा असं विचारल्यावर सगळा वर्ग ओरडला, "निळा!" विहीर म्हटल्यावर निळाच. मी शीर्षक माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'आमच्या विहिरीची पाणीपातळी'. उभ्या रेघेच्या बाजूला बारीक अक्षरात 'कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर, मीटरमध्ये' असंही लिहिलं. नियमात काही सोडलं नाही.

चौथीत ऋतुजा नावाची मुलगी होती. बोलायची कमी. रंगवताना तिनं ब्रश थांबवला आणि म्हणाली, "बाई, ह्यो निळा कशापायी?"

"पाण्याचा आहे ना."

"पन ह्ये पानी न्हाय. पानी न्हाय तितलं हाय ह्ये. कोरडा दोर हाय."

मला आजही तिचा तो ब्रश दिसतो. तिचं म्हणणं मला कळलं होतं, हे मी लपवणार नाही. पण वीस मुलांची बोटं रंगानं बरबटली होती, बारा वाजत आले होते, पुठ्ठा अर्धा निळा झाला होता. मी म्हणाले, "बरोबर आहे गं तुझं. पण निळा छान दिसतो." बाईंनी सांगितलं म्हणून तिनं उरलेला स्तंभ निळा केला.

आलेख आम्ही व्हरांड्यात लावला. येणारा जाणारा थांबून बघायचा. माझा अभिमान विचारू नका.

मार्चच्या मध्याला ग्रामपंचायतीने टँकरसाठी अर्ज केला. पाहणीसाठी तालुक्याहून एक साहेब आले, त्या दिवशी मी प्रशिक्षणाला बारामतीत होते. पुढचं मला साळवे सरांनी सांगितलं. साहेबांना त्या एका दिवसात आठ-नऊ वस्त्या करायच्या होत्या. ऊन मरणाचं. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. तळाशी काळं पाणी चमकत होतं. वरून बघून किती ते कुणाला कळणार? मग सावलीला म्हणून शाळेच्या व्हरांड्यात आले. सर वर्गात शिकवत होते. साहेबांनी आलेख पाहिला आणि तिथं बसलेल्या दुसरीतल्या पोराला विचारलं, "हे काय आहे रे?" ते म्हणालं, "आमच्या हिरीचं पानी." साहेबांनी मोबाईलवर फोटो काढला. सर बाहेर येईपर्यंत ते गाडीत बसलेही होते. जाता जाता म्हणाले, "फार छान उपक्रम आहे गुरुजी तुमचा."

आठवड्याने ग्रामपंचायतीत कागद आला. विहिरीत पाणी आहे, शाळेने ठेवलेल्या नोंदीनुसार पातळी दरमहा वाढत आहे, सध्या टँकरची गरज दिसत नाही. सोबत आमच्या आलेखाचा फोटो.

कागद घेऊन तात्या शाळेत आले. तात्या ग्रामपंचायतीचे सदस्य, वय साठीच्या पुढं. त्यांच्यामागं सात-आठ बाया, त्यांत ऋतुजाची आई सुनीता. तात्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, ह्यो आलेख तुमीच काढलाय न्हवं?"

"हो. म्हणजे मुलांनी. का?"

"पानी वाढतंय म्हनं हिरीचं."

मी कागद वाचला. दोनदा वाचला. मग उठून व्हरांड्यात गेले आणि माझाच आलेख पहिल्यांदा पाहावा तसा पाहिला. पाच निळे स्तंभ, डावीकडून उजवीकडे चढत गेलेले, जसं धरणच भरत आलंय. बाजूची बारीक ओळ सोडली तर दुसरं काही म्हणायलाच जागा नव्हती.

"अहो, हे उलटं आहे," मी म्हणाले. "स्तंभ वाढला म्हणजे पाणी कमी झालं."

"वाढला म्हंजी कमी झालं?" तात्यांनी शांतपणे विचारलं.

"हो. कारण अंतर वाढलं."

एक म्हातारी म्हणाली, "शाळंनं मोजलंय तर वाढलंबी आसंल. आपल्याला काय दिसतंय वरनं!" आणि खरं सांगते, दोन बाया विहिरीकडे बघायला गेल्या. विहिरीतून घागर रोज निम्मीच भरून येत होती, तरी छापील कागद आणि रंगीत आलेख बघून त्यांना स्वतःच्या डोळ्यांची शंका आली. मला त्या क्षणी जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती.

सगळे गेल्यावर साळवे सर म्हणाले, "बाई, आपण एकही आकडा खोटा लिहिलेला नाही."

"नाही."

"आलेखही नियमाप्रमाणे आहे."

"आहे."

"मग चूक कुठं झाली?"

साहेबांनी बारीक ओळ वाचली नाही ही त्यांची चूक. पण उंच स्तंभ म्हणजे जास्त, हे वाचायला त्यांना कुणी शिकवलं? माझ्यासारख्याच कुठल्यातरी बाईंनी. मी तरी इतकी वर्षं दुसरं काय शिकवत होते?

पुढचे दिवस वाईट गेले. विहिरीवर रांग वाढली. बाया दोन किलोमीटरवरच्या एका मळ्यातल्या बोअरवरून पाणी आणू लागल्या, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला किंवा कळशी घेऊन आईबरोबर जायला घरातल्या मुली लागू लागल्या. माझ्या वर्गातल्या चार मुली यायच्या बंद झाल्या. त्यात ऋतुजा होती. हजेरी घेताना तिचं नाव आलं की माझा आवाज खाली जायचा. सगळ्या शाळेत ज्या एका पोरीला तो आलेख बरोबर वाचता आला होता, तीच त्याच्यापायी घरी बसली होती.

मी नवा आलेख करायला घेतला. ऋतुजाच्या घरी गेले, ती अंगणात भांडी घासत होती. तिला विचारलं, "कसा काढू गं?" तिनं फार विचार केला नाही. म्हणाली, "दोर वरनं खाली जातोय, तर खांबबी वरनं खाली काढा की."

एवढं सोपं. पुस्तकातले सगळे स्तंभ जमिनीतून वर उगवतात. विहिरीचा स्तंभ कठड्यावरून खाली लोंबायला हवा होता. पण त्याखाली पाणी किती उरलंय ते दाखवायचं तर तळ माहीत पाहिजे. तात्यांना विचारलं. तरुणपणी ते गाळ काढायला उतरले होते. म्हणाले, "सात परस हिर हाय."

"परस म्हणजे किती?" साळवे सरांनी वही उघडली.

"येक मानूस उभा ऱ्हायला की येक परस."

"हात खाली ठेवून की वर करून?"

तात्या आधी साधे उभे राहिले. मग हात वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "माझा बा म्हनायचा वर करून. पन चुलता म्हनायचा नुसता." सरांनी वही मिटली. शेवटी उपाय सापडला तो साधाच. दगड पाण्याला लागल्यावर थांबायचं नाही, तळापर्यंत जाऊ द्यायचा. दोर वर काढला. बारा गाठी आणि वर थोडा. वरचा सगळा दोर कोरडा आणि खाली हातभरापेक्षा थोडा जास्त ओला. ओलं म्हणजे पाणी. मुलं त्या ओल्या तुकड्याकडे बघत राहिली.

नवा पुठ्ठा केला. वर कठड्याची रेघ. तिच्यापासून खाली लोंबणारे मातकट स्तंभ, कोरड्या दोराचे. प्रत्येकाखाली निळा तुकडा. नोव्हेंबरात निळा मोठा, मग लहान, लहान, आणि शेवटी एक पट्टी. पुठ्ठ्याची गुंडाळी करून मी, तात्या आणि सुनीता एसटीने तालुक्याला गेलो. रजेचा अर्ज मी दिला होता, कारण लिहिलं होतं 'आलेख दुरुस्ती'. साळवे सरांनी तो तसाच मंजूर केला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बसवलं. मी सरळ सांगितलं, "साहेब, आमच्या आलेखाचं शीर्षक चुकलं आणि रंगही चुकला. त्यामुळे तुमची फसगत झाली." मी नवा पुठ्ठा टेबलावर पसरला आणि शेजारी जुन्याचा फोटो ठेवला.

त्यांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. "यातला खरा कुठला?"

"दोन्ही."

"असं कसं? एक चढतोय, एक उतरतोय."

"आकडे तेच आहेत, साहेब."

ते कपाळ चोळायला लागले. मी प्रमाण, अक्ष, अंतर असं बोलत राहिले, आणि जेवढं बोलले तेवढं त्यांच्या तोंडावरचं प्रश्नचिन्ह मोठं होत गेलं. आबांच्या शेळ्यांच्या वेळी झालं होतं तसंच. तेवढ्यात सुनीता उठली. सातवीपर्यंत शिकलेली बाई; आलेखाचा धडा तिच्या वेळी होता की नाही तिलाही आठवत नव्हतं. तिनं नोव्हेंबरच्या मातकट स्तंभावर बोट ठेवलं.

"साहेब, दिवाळीच्या वक्ताला मी कप्पीवरनं दोर वडायची तर धा-बारा हातांत घागर वर. भरल्याली." बोट एकेका स्तंभावरून पुढं गेलं. "हितं वीस हात. हितं पंचवीस. आन् हितं," ती शेवटच्या स्तंभाच्या खालच्या टोकाला आली, "हितं आता तीस-बत्तीस हात वडती, आन् वर येती ती निम्मी घागर. गाळासकट." मग तिनं तळहात उताणे करून टेबलावर ठेवले. दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ होते.

साहेबांनी जुना फोटो बाजूला सारला. मग म्हणाले, "परवा पुन्हा येतो. या वेळी दोर घेऊन."

ते आले. स्वतः दोर सोडला, स्वतः गाठी मोजल्या. त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी पहिला टँकर आला. पहिल्या कागदापासून मोजलं तर महिन्याच्या आसपास वेळ वाया गेला. कुणी मला बोललं नाही. तात्या तर उलट म्हणाले, "बाईंमुळं टँकर आला." मी म्हणाले, "बाईंमुळं उशीर झाला." ते म्हणाले, "ते बी खरं हाय," आणि पान लावायला लागले. त्यांना दोन्ही गोष्टी एकदम पटत होत्या. मला मात्र एकही नीट पटत नव्हती.

ऋतुजा थेट वार्षिक परीक्षेला आली. मधला अभ्यास बुडाला होता. गणिताची प्रश्नपत्रिका वरून छापून यायची. त्यात स्तंभालेखाचा एक प्रश्न होता, दोन गुणांचा. शीर्षक 'धावण्याची शर्यत'. चार मुलांची नावं, चार स्तंभ. समीरचा सर्वांत उंच, नेहाचा सर्वांत बुटका. उभ्या रेघेवर आकडे होते, पण ते कशाचे हे छापायचं राहून गेलं होतं. प्रश्न असा की शर्यतीत सर्वांत पुढे कोण? सोबत आलेल्या उत्तरसूचीत लिहिलं होतं, समीर. वर्गातल्या सगळ्या मुलांनी समीरच लिहिलं होतं.

पेपर तपासताना मी ऋतुजाच्या उत्तरापाशी थांबले. तिनं लिहिलं होतं, 'काय मोजलंय ते लिहिलेलं नाही. अंतर मोजलं असंल तर समीर पुढं. वेळ मोजला असंल तर नेहा पुढं. ज्यांनी मोजलं त्यांना विचारा.'

मी पेपर साळवे सरांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उत्तरसूचीप्रमाणे शून्य," ते म्हणाले.

"आणि खरं म्हणजे?"

"खरं म्हणजे दोन. पण मग बाकीच्यांना काय द्यायचं?"

बाकीच्यांनी मी शिकवलं तेच लिहिलं होतं. त्यांना शून्य दिलं तर ते मलाच द्यायला हवं. तिला शून्य दिलं तर व्हरांड्यातला पुठ्ठा मी पुन्हा निळा केल्यासारखं होतं. मी दोनाचा आकडा काढला, खोडला, पुन्हा काढला. बाकीच्यांनाही दोन-दोन दिले. एकमेकांशी न जुळणाऱ्या उत्तरांना पूर्ण गुण देणारी मी तालुक्यातली पहिलीच शिक्षिका असेन. ऋतुजाच्या उत्तराखाली लाल पेनाने लिहिलं, 'मी मोजलेलं नाही. त्यामुळे मलाही माहीत नाही.'

पेपर वाटले त्या दिवशी ती टेबलापाशी आली. तळहाताला अजून कळशीचा घट्टा होता. शेऱ्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "बाई, म्हंजी बरोबर काय व्हतं? समीर का नेहा?"

"माहीत नाही गं."

"तुमालाबी न्हाय?"

"नाही."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मी थट्टा करतेय का ते बघत असावी. मग तिनं पेपरची नीट घडी घातली, दप्तरात ठेवला, म्हणाली, "मग बरं हाय. मला वाटलं, मलाच कळंना झालंय," आणि बाकीच्या मुलींमागं पळत सुटली.